दिवालीबाईच्या रानात आप्पांची पाळी

कोरीट

लोक प्रवासाला निघतात ते काहीतरी बघायला. मी निघाले ते भांडण जिंकायला. आधीच सांगून टाकलेलं बरं.

भांडण वडिलांशी होतं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. नंदुरबार तालुक्यात कोरीटला आमची शेती आहे, कापूस आणि केळी. त्यात नाल्याकाठचा एक तुकडा आहे. नाल्यानं गाडीवाट खाल्ली तेव्हापासून तिथं ट्रॅक्टरही जात नाही आणि बैलजोडीही. मी शाळेत असल्यापासून तो तुकडा पेरलेला नाही. पदवी घेऊन घरी आले तोवर तिथले पळस माझ्या डोक्यावर गेले होते. बोरी माजल्या होत्या, निंब उभे राहिले होते. सकाळी तितरं ओरडायला लागली की आवाज घरापर्यंत यायचा. आमच्या घरात पहिली पदवी माझी, वनस्पतिशास्त्राची. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे या पदवीचा फारसा उपयोग झाला नाही.

आप्पांनी दसऱ्यानंतरचा जेसीबी ठरवला. झाडं काढायची, नाल्याकडचा उतार सपाट करायचा आणि कांदेबाग, म्हणजे दिवाळीच्या सुमाराची, केळी लावायची. मी म्हटलं, राहू द्या तो तुकडा. बाकीचं सगळं करा, तो सोडा.

"पडीक ठेवानं?" आप्पा म्हणाले. "लोके काय म्हनतीन? यासना घरमा निंदाले मानूस नही?"

हे समजायला आमच्याकडचा माणूस पाहिजे. मुंबई-पुण्याकडे 'पडीक' म्हणजे नुसती न पेरलेली जमीन असेल. कोरीटला ती शिवी आहे. ज्याचं वावर पडीक त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय, भाऊ भांडलेत नाहीतर पोरगा वाया गेलाय, असा सरळ अर्थ निघतो. शेजारच्या वावराचे भिका काका, आप्पांचे चुलतभाऊ, चौकात बसून बोललेच: पोरीला शिकवलं, त्याचं पीक आलं, काट्या.

मी गप्प बसणारी नाही. होस्टेलमध्ये माझ्या खोलीत रंजिला होती. मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. तिच्या पाड्यानं डोंगरउतारावरची वावरं पेरायची बंद केली आणि तिथं जंगल परत आलं, हे ती मला पहिल्या वर्षापासून सांगत होती. मी ते आप्पांना सांगितलं. आप्पा हसले.

"वावरनं जंगल व्हयनं ते माले दखाड. नही ते जेसीबी येई."

"दाखवते," मी म्हटलं. "चला."

पाड्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या लोकांनीच तसं बजावलंय. नाव छापलं की रविवारी गाड्या येतात, म्हणाले, आणि गाड्यांबरोबर बाटल्या.

घाट

प्रकाशाच्या पुलावर आप्पांनी एसटीतूनच तापीला आणि देवळांना हात जोडले. तेवढा वेळ सोडला तर तळोद्यापर्यंत त्यांचं डोकं खिडकीबाहेर होतं. याच्या कापसावर लाल्या पडलाय, त्याच्या पपईचं काही खरं नाही, अमक्यानं उसात पाणी तुंबवलंय. आमच्याकडचा माणूस प्रवासात निसर्ग बघत नाही, दुसऱ्याचं पीक तपासतो. मला त्याचं हसू येत नाही. मीही तशीच तपासत होते, फक्त बांधावरची झाडं.

अक्कलकुव्याहून जीप. आप्पा वयानं आणि पटक्यानं पुढच्या सीटवर बसले. त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेली शिदोरी होती. ही शिदोरी त्यांनी आईकडून मुद्दाम करून घेतली होती, दोन वेळ पुरेल एवढी. डोंगरातल्या माणसाच्या घरी खायला लागू नये म्हणून. आमच्या वावरात वर्षानुवर्षं डोंगरातली माणसं कापूस वेचायला, निंदायला येतात, बांधावर बसून जेवतात. त्यांच्या घरी आमच्यातलं कुणी जेवल्याचं मी ऐकलेलं नाही. हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून मी लिहिते.

आप्पांच्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये एक आजोबा होते आणि आजोबांच्या कुशीत कोंबडी. देवगोई घाट सुरू झाला. एकेका वळणाला मागची सगळी माणसं एका बाजूला झुकायची, मग दुसऱ्या बाजूला. खाली दरीत धुकं आणि मधूनच तेराड्याची गुलाबी पट्टी. आप्पांनी दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटले. घाट संपल्यावर डोळे उघडून बघतात तर कोंबडीनं फडकं टोचून टोचून भोक पाडलेलं. भाकरीचा भुगा. वर तिनं आणखी जे करायचं ते केलेलं.

"हाई काय!" आप्पा ओरडले.

आजोबांनी कोंबडीकडे बघितलं, शिदोरीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "भूक लागली असेल तिला."

जीपभर हसू फुटलं. मीही हसले. आप्पा माझ्याशी मोलगीपर्यंत बोलले नाहीत.

मोलगीला त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. कुठून कुठून माणसं चालत आलेली. काकड्या, मक्याची कणसं, उडीद, हिरव्या मिरच्यांचे ढीग. आमच्याकडे बाजारात विकणाऱ्याचा घसा बसतो. इथं बायका ढिगापुढे नुसत्या बसतात. तुम्ही घ्या नाहीतर जा. आप्पांनी सवयीनं एका काकडीच्या ढिगाला भाव पाडून मागितला. त्या बाईनं ढीग उचलला आणि टोपलीत परत टाकला. झालं, बाजार संपला.

पाडा

रंजिला बाजारातच भेटली. पुढची वाट पायी. आप्पा वाटेत दोनदा बसले, पण दम लागला असं म्हणाले नाहीत, बुटात खडा गेला म्हणाले.

पाड्यावरची घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येक घर आपापल्या टेकाडावर, आपापल्या वावरात. कोरीटला भिंतीला भिंत. शेजारी खोकला तरी आमच्याकडे कळतं की सर्दी आहे की तंबाखू. इथं शेजाऱ्याला हाक मारायची तर दोन्ही हात तोंडाशी धरावे लागतात. आप्पांना ते आवडलं. "भिकाले असं लांब ठेवता उनं असतं ते," एवढंच म्हणाले.

रंजिलाच्या आईनं मक्याची भाकर, घट्ट उडदाची डाळ आणि लसूण-मिरचीचा ठेचा वाढला. आप्पा ताटाकडे बघत बसले. शिदोरी कोंबडीनं खाल्ली होती आणि दिवसभराच्या प्रवासानं दमलेला माणूस होता. त्यांनी पहिला घास घेतला. मग डाळ परत मागितली. मग परत. हात धुताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मीठ जरा कमी व्हतं." मान राखायला काहीतरी म्हणावं लागतं.

सकाळी रान दाखवायला रंजिलाची काकी आली. दिवालीबाई. आप्पांच्याच वयाची, बुटकी, आणि हातात एक काठी. काठी हाताळून हाताळून तुळतुळीत झालेली. रंजिलानं सांगितलं, ही राखणीची काठी. जिच्याकडे काठी तिची त्या दिवशीची राखण. संध्याकाळी ती काठी पुढच्या घराच्या दाराशी टेकवून ठेवायची. हाक मारायची नाही, सांगायचं नाही. सकाळी दार उघडलं की कळतं, आज आपण. रानात कुऱ्हाड नाही, चराई नाही, काही उपटायचं नाही. वाळलेलं लाकूड न्या, गवत कापून न्या, मोहफुलं वेचा. आणि नियम मोडला तर पाळी नसताना काठी त्याच्या दारात जाते.

"पोलीस? दंड?" आप्पांनी विचारलं.

"कसाले?" दिवालीबाई म्हणाली. "काठी शे ना."

आप्पा चमकले. डोंगरातली बाई अहिराणी बोलत होती.

"तुमनाकडेच शिकनू," ती म्हणाली. "कपाशी येचाले येवूत, निंदाले येवूत. तरनी व्हतू तवपासून."

रानात शिरलो. मी जंगलं बघितली आहेत, कॉलेजच्या सहलीत तोरणमाळही बघितलंय. पण हे वेगळं होतं, कारण याच्या खाली अजून वावर दिसत होतं. सागाच्या रांगेखाली दगडाचा बांध. बांधावर शेवाळ, पण बांध म्हणजे बांधच. एका ठिकाणी वेचलेल्या दगडांचा ढीग आणि ढिगाच्या पोटातून उगवलेला अंजन. धावडा, सालई, चारोळी, बांबूची बेटं. एका उताराला माती इतकी काळी की मी मूठभर उचलून वास घेतला. दिवालीबाई म्हणाली, याच उतारावर माती धुपून नुसता खडक राहिला होता, बी टाकलं तर पाखरं खायची आणि उरलं तर पाणी न्यायचं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की इथं पेरायचं नाही, खालच्या सपाटीवर काय येईल त्यात भागवायचं.

"सगळ्यांनी ऐकलं?" मी विचारलं.

"कोठे ऐकतस! मन्हा नवरा माले म्हने, तू वावर मारी टाकं." तिनं एका सागाला हात लावला. "आते त्याच सावलीमा झोपस."

आप्पा बांध बघत होते. पायानं बांधाचा दगड हलवून बघितला. पक्का होता. मला वाटलं, जिंकले मी.

आणि तेवढ्यात ते झालं.

शेतकऱ्याचा हात कसा असतो ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. आप्पा देवळात गेले तरी ओट्याच्या भेगेतलं गवत उपटतात. लग्नाच्या मांडवात बसून बोलता बोलता पायाशी आलेलं केन्याचं तण उपटून बाजूला ठेवतात. त्यांना कळतही नाही. चालता चालता आप्पा वाकले. पायवाटेच्या कडेला हिरवं काहीतरी होतं. ओली माती. सट्कन मुळासकट वर आलं. त्यांनी मुळाची माती झटकली, जशी वावरात झटकतात, आणि ते बांधावर उलटं ठेवलं, पुन्हा रुजू नये म्हणून.

दिवालीबाई थांबली.

"काय उपटं तू?"

"गवत व्हतं," आप्पा म्हणाले.

"तिवसनं रोप शे ते."

मी ते हातात घेतलं. तिवसच होतं, औताला ज्याचं लाकूड वापरतात ते झाड. गवतच आहे, असं मला खोटं बोलता आलं असतं, पण मी ते दिवालीबाईच्या हातात दिलं.

दिवालीबाईनं कमरेवर हात ठेवला. "तुमना वावरमा निंदी निंदी मन्ही कंबर मोडनी. आते तू मन्हा रानमा निंदाले उना का?"

रंजिलानं पदरात तोंड लपवलं. आप्पांचा चेहरा लाल झाला. "अवं, हात चुकना मन्हा. मुद्दाम कोनी करस का?"

"हात चुकना का मन चुकनं, काठीले काय समजस?"

काठी

दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. रंजिलाच्या आईनं दार उघडलं तर काठी दाराशी उभी.

आप्पा आधी हसले. मग त्यांना कळलं की हे खरं आहे. मग असा आवाज चढवला की पलीकडच्या टेकाडावरची कुत्री भुंकायला लागली. त्यांची शेती केवढी, त्यांच्याकडे माणसं किती, गावात ग्रामपंचायतीत त्यांचा शब्द कसा चालतो. एका रोपासाठी त्यांना राखण? आणि कुणाच्या रानाची? त्यांनी पिशवी उचलली. "चाल. जीप सापडी जाई."

मी उठले नाही.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "जेसीबीसुद्धा आणा, मी आडवी येणार नाही. पण ही काठी रंजिलाच्या दारात आहे. तुम्ही गेलात तर तिच्या आईला आज रानात जावं लागेल. कापणी टाकून. तुमच्या हातच्या चुकीसाठी. काल तीनदा डाळ मागितलीत त्या घरात."

मला माहीत होतं की हे लागणार. लागावं म्हणूनच म्हटलं. रंजिलाची आई आत विळा घासत होती, तिनं मान वर केली नाही.

आप्पा अंगणात उभे राहिले. मग पिशवी खाली ठेवली, पटका नीट केला आणि काठी घेतली. तिच्याकडे न बघता घेतली, जसा माणूस कडू औषध घेतो.

मी पाण्याची बाटली घेऊन मागे गेले. रानात आप्पा दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत होते, मागच्या हातात काठी. "असं का चालताय?" मी विचारलं. "हात पुढे राह्यनात ते परत काही उपटी टाकतीन," ते म्हणाले. रागानं म्हणाले, पण मला त्या क्षणी माझा बाप फार आवडला.

दुपारपर्यंत काही झालं नाही. आप्पा एका जुन्या बांधावर बसले. मोर ओरडला. आप्पांनी विचारलं, अस्वल असतं का? मी म्हटलं, असतं. त्यांनी काठी जवळ घेतली. मग म्हणाले, हा बांध ज्यानं घातला त्याचा हात चांगला होता.

उन्हं कलताना घंटा वाजली. बांबूच्या बेटामागून दोन शेळ्या आल्या आणि सरळ कोवळ्या पाल्याला लागल्या. आप्पा ताडकन उठले. गुडघे दुखणारा माझा बाप उतारावरून असा पळाला की मीच मागे राहिले. शेळ्या हाकत हाकत त्यांनी पाड्यापर्यंत आणल्या आणि मोठ्यानं विचारलं, कोणाच्या या?

रंजिलानं शेळ्यांकडे बघितलं आणि पुन्हा पदरात तोंड लपवलं.

शेळ्या दिवालीबाईच्या होत्या.

दिवालीबाई धावत आली. दोर तुटला, म्हणाली. जुना दोर, दुपारीच तुटला, ती शोधतच होती. आजूबाजूच्या टेकाडांवरून माणसं येऊन उभी राहिली. आप्पांनी पटका सारखा केला. घाई केली नाही. असा क्षण पुन्हा येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"दोर तुटना का हात चुकना," आप्पा म्हणाले, "काठीले काय समजस?"

आणि स्वतःच्या हातानं काठी नेऊन दिवालीबाईच्या दाराशी टेकवली.

माणसं हसली ती दिवालीबाईलाच हसली. तीही हसली, पण उशिरा, आणि शेळीच्या पाठीत एक धपाटा घालून. त्या संध्याकाळी आप्पांना तीन घरांतून जेवायचं बोलावणं आलं. आप्पा दोन ठिकाणी जेवले.

दुसऱ्या दिवशी निघताना दिवालीबाई वाटेपर्यंत सोडायला आली, काठी हातात. जेसीबीचं तिला रंजिलाकडून कळलं होतं. आप्पा मिजाशीत होते. "काय बाई, राखं का नही मी?"

"राखं," ती म्हणाली. "मन्हं राखं. सोतानं राखानं येस का? तुमले उपटानं येस, राखानं नही येत. म्हनीसन ते तुमनाकडे सगळं सपाट शे."

आप्पा थांबले. जीपमध्ये, एसटीमध्ये, प्रकाशाच्या पुलावर, त्यांनी एकदाही खिडकीबाहेर बघून कुणाच्या कपाशीला नाव ठेवलं नाही. पुलावर हात जोडायचेही विसरले.

पुन्हा कोरीट

दसरा झाला. जेसीबी आला. रस्त्यावरून खडखडत नाल्याकाठी येऊन थांबला. आप्पा तिथं आधीच उभे होते. भिका काकाही आले, आणखी चार लोक आले, कारण जेसीबी आला की आमच्याकडे माणसं जमतातच.

ड्रायव्हरनं विचारलं, "काका, कोठून सुरू करू?"

"काही करानं नही," आप्पा म्हणाले. "इतला आठे उना ते पलीकडला बांध सरळ करी दे आनी जाय."

"मंग हाई पडीकच ठेवशात?" ड्रायव्हर म्हणाला.

"पडीक नही," आप्पा म्हणाले. "राखेल शे."

भिका काका खो-खो हसले. "शिकेल आंडेरनं बापनं डोकं फिराई टाकं!"

"आंडेरनं ऐकतू ते आनी काय पाह्यजे व्हतं," आप्पा म्हणाले. "मोलगीकडली एक बाईनं म्हनेल शे, तुमले राखानं येत नही. तिले दखाडनं शे माले."

आंडेर म्हणजे लेक, म्हणजे मी. मला राग आला. खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं होस्टेलच्या पातळ वरणावर काढली, मातीची धूप शिकले, मुळं पाणी कशी धरतात ते आप्पांना कागदावर काढून दाखवलं, आणि बापानं ऐकलं कुणाचं, तर दिवालीबाईच्या टोमण्याचं. वर्गात पहिली आलेल्या मुलीचं नाही. संध्याकाळपर्यंत मी फुरंगटून होते. मग वाटलं, तुकडा राहिला ना. कुणामुळे का राहीना.

गावात अजून बोलतात. बोलू देत. भिका काका त्या तुकड्याला 'मोलगी' म्हणतात, टिंगल म्हणून. आप्पाही आता तेच म्हणतात, टिंगल न करता: "जरा मोलगीवर जाई येस."

काल मी मागोमाग गेले. त्यांनी बाभळीची एक काठी तोडून घेतली आहे, अजून खरखरीत, साल न निघालेली. पळसाखाली कुठलंतरी नवं रोप आलं होतं, वावरात असतं तर तण म्हणून एका झटक्यात गेलं असतं. आप्पा त्याच्यापाशी थांबले. वाकले. बराच वेळ वाकून बघत होते. हात मात्र पाठीमागे होते, काठीवर घट्ट.